रोजचे कपडे, हात राखून खर्च आणि तरी झकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी टाकतेय. समारंभाचे भारी कपडे यात नाहीत, हे सगळं रोज सकाळी घाईत अंगावर चढवायच्या कपड्यांबद्दल आहे. आणि माझं एक मत आधीच सांगून टाकते कारण पुढे ते सारखं सारखं येणार आहे: चांगला कपडा तो, जो घातल्यावर आपल्या अंगावर आहे हे विसरायला होतं. सारखा ओढायला लागतो, झाकायला लागतो, सावरायला लागतो तो कितीही महागाचा असला तरी फुकट.

कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात आणि तरी घालायला काही नाही. हे माझंच होतं का?

नाही हो, बहुतेकींचं होतं. आपण सुटे सुटे कपडे घेतो, जोड्या घेत नाही. टॉप दिसला, आवडला, घेतला, खाली काय घालायचं ते घरी आल्यावर बघू. मग दहा टॉप आणि त्यातल्या सातांवर चालणारी एकच काळी पॅन्ट, ती धुवायला पडली की सगळं कपाट बंद पडल्यासारखं. त्यामुळे नवीन काही घ्यायचं असेल तर आधी खालचे कपडे मोजा, बहुतेक वेळा टंचाई तिथे असते.

दुसरं कारण जरा बोचतं. आपण जशा राहतो त्यापेक्षा जसं राहायला आवडेल त्यासाठी कपडे घेतो. आठवड्यातले किती तास ऑफिसात, किती घरात, किती प्रवासात, किती बाहेर मिरवण्यात जातात ते एकदा कागदावर लिहा आणि कपाटातले कपडे त्याच हिशोबात आहेत का बघा. घरात नि प्रवासात निम्मा आठवडा जातो आणि तिथे घालायला भोकं पडलेले टीशर्ट, आणि महिन्यातनं एकदा होणाऱ्या पार्टीसाठी पाच ड्रेस, हे मी खूप जणींच्या कपाटात बघितलंय.

काय घालतो नि काय नुसतं टांगून ठेवतो ते कळायला एक सोपी युक्ती आहे. सगळे हँगर उलटे अडकवा. घातलेला कपडा धुऊन परत आला की तो सरळ अडकवायचा. एक ऋतू संपला की उलटे राहिलेले हँगर स्वतःच बोलतात.

पैसे थोडेच आहेत, तर पहिला खर्च कशावर करू?

शिंप्यावर! खरंच. नवीन कपडा घ्यायच्या आधी जे आहे त्यातलं आवडतं पण बसत नाही असं दोन-तीन काढा आणि टेलरकडे न्या. महागड्या कपड्यात आणि साध्या कपड्यात लांबून जो फरक दिसतो त्यातला मोठा हिस्सा फिटिंगचा असतो. खांदा खांद्यावर बसलाय, बाही मनगटाशी नीट थांबतेय, पॅन्ट टाचेखाली घासत नाहीये, एवढं झालं तरी बघणाऱ्याला वाटतं बाई नीटनेटकी आहे.

पण शिंपी काय करू शकतो नि काय नाही हे माहीत पाहिजे, नाहीतर दुकानात "ऑल्टर करून घेऊ" म्हणत भलतंच उचलतो आपण. उंची कमी करणं, बाही आखूड करणं, कडेच्या शिवणी आत घेणं, कमरेत घेणं, मागे टक्स घालणं ही सगळी रोजची कामं. सैल करणं हे शिवणीत माया किती ठेवलीये त्यावर. कपडा उलटा करून बघा, आत बोटभर कापड शिल्लक असेल तर मोकळा होईल, रेडिमेडमध्ये बरेचदा माया कापूनच ओव्हरलॉक मारलेलं असतं, तिथे काही होत नाही. आणि खांदा नि मुंढा, याच्या नादी लागू नका. ते उसवून परत बसवायचं म्हणजे अर्धा कपडा नव्याने शिवणं, पैसेही तेवढेच जातात. म्हणून रेडिमेड घेताना वरचा कपडा खांद्यात बसला पाहिजे, बाकी सगळं नंतर बघता येतं. पॅन्टचं तसंच, सीटमध्ये नि मांडीत बसणारी घ्या, कमर आत घेता येते.

छातीवर बटणांच्या मध्ये शर्ट उघडा पडतो ना? मोठा साइज घेऊ नका, मग खांदे लोंबतात. त्या दोन बटणांच्या मधोमध आतून एक टिचबटण लावून घ्या, काम झालं.

एका ब्रँडमध्ये मला एम होतो, दुसऱ्यात एक्सएल. मी वाढले का मधल्या काळात?

तुम्ही नाही वाढलात, नंबरच खोटा आहे. याचा इतिहास मजेदार आहे. अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारी खात्याने जवळपास 15,000 बायकांची मापं घेतली, उंची-छाती-कंबरच नाही तर अंगाची पन्नासहून जास्त मापं, म्हणजे एकदाचे प्रमाण साइज ठरवता येतील. त्यातसुद्धा गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशोबातून वगळली होती. त्या आकडेवारीवरून 1958 साली साइजचं स्टँडर्ड निघालं, कंपन्यांनी ते हळूहळू गुंडाळलं, आणि 1983 मध्ये ते अधिकृतपणे मागेच घेतलं. आता जो तो आपापल्या मनाने नंबर देतो, आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मोठ्या मापावर लहान नंबर लावायचा प्रकारही सर्रास चालतो.

तर नंबरावरनं मन खट्टू करून घेऊ नका. लेबल खुपत असेल तर कापून टाका, कोणी वाचत नाही. (धुण्याच्या सूचनांचं लेबल मात्र ठेवा, ते पुढे लागणार आहे.)

ऑनलाइन घेताना माप कसं जमवायचं?

स्वतःला टेप गुंडाळण्यापेक्षा तुमचा सगळ्यात छान बसणारा कपडा पलंगावर सपाट पसरा आणि त्याची मापं घ्या: एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत, काखेखालून आडवं, कमरेत, उंची, बाही. पॅन्ट असेल तर कमर, सीट, मांडी, आतली उंची. फोनमध्ये लिहून ठेवा. साइट कपड्याचं माप देत असेल तर सरळ जुळवायचं, अंगाचं माप देत असेल तर अंगाचं घ्या, या दोन्हीत घोळ केला की पार्सल परत. आणि रिव्ह्यू वाचताना स्टार सोडा, लोकांनी टाकलेले फोटो बघा, मॉडेलच्या पाठीमागे कपड्याला चिमटे लावलेले असतात ते तिथे नसतात.

स्वस्तातला कपडा टिकेल की नाही हे दुकानातच कसं ओळखायचं?

हा माझा आवडता विषय आहे, सेल्समन वैतागेपर्यंत करते मी हे. कपडा आधी उलटा करा. समोरून सगळेच छान दिसतात, खरं काय ते उलट्या बाजूला. टीप सरळ आहे का, टाके बारीक नि जवळजवळ आहेत का (लांब लांब टाके म्हणजे घाईचं काम), दोऱ्याची टोकं लोंबतायत का, शिवणीला माया आहे का. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणा, मधून दात दिसल्यासारखा दोरा दिसला तर दोन धुण्यांत ती उसवणार.

चौकडी किंवा पट्टे असतील तर कडेच्या शिवणीवर ते जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं म्हणून पैसे वाचवणारे ते पहिल्यांदा सोडतात. एवढ्या एका गोष्टीवरनं शिवणाऱ्याने किती जीव लावलाय ते कळतं.

कापड उजेडात धरा. हाताची बोटं आरपार मोजता येत असतील तर आत काहीतरी घालावं लागणार, म्हणजे उन्हाळ्यात दोन थर. मुठीत घट्ट चुरगळून थोडा वेळ धरा नि सोडा, ज्या सुरकुत्या राहतील त्या तुमच्या अंगावर बसल्या-उठल्यावर राहणार. विणलेला टीशर्ट किंवा लेगिंग असेल तर थोडं ताणून सोडा, परत जागेवर येत नसेल तर कोपर नि गुडघ्यात फुगे येणार हे नक्की.

बटणं स्वस्तातली असतील तर मात्र चालेल. उलट बटणं बदलणं ही सगळ्यात कमी खर्चाची सुधारणा, त्या चकचकीत प्लॅस्टिकच्या जागी साधी मॅट बटणं लावली की शर्टाचा रंगच पालटतो.

कापड कुठलं घ्यावं? कॉटनच ना?

बहुतेक वेळा हो, पण डोळे झाकून नको. घामाच्या दिवसांत कॉटन का बरं वाटतं, तर सुती धागा हवेतली ओल आपल्यात ओढून घेतो, साधारण हवेत त्याच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, म्हणून घाम अंगावर तसाच चिकटून राहतो. पण तेच पॉलिस्टर चुरगळत नाही नि पटकन वाळतं, त्यामुळे प्रवासाला किंवा पावसात थोडं मिश्रण बरं पडतं. वाईट काही नाही, कुठे घालायचं ते बघा.

रेयॉन किंवा व्हिस्कोस म्हणतात ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं, सळसळीत, गार, पडतं पण छान. त्याची खोड अशी की ओलं असताना ते कमजोर होतं, म्हणून पिळून घासून धुतलं की वाट लागते. लिनन चुरगळणारच, त्याला इलाज नाही, ते चुरगळलेलंच चांगलं दिसतं असं मानून घालायचं. आणि जीन्स-लेगिंगमध्ये जे स्ट्रेच असतं ते इलास्टेन, 1958 मध्ये ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्सने शोधलेलं. दोन-चार टक्के असलं तरी पुरतं. त्याला उष्णता नि ब्लीच सोसत नाही, कडकडीत गरम पाण्यात धुतलेल्या जीन्स गुडघ्यात लोंबायला लागतात त्या यानेच.

सेलमध्ये घ्यावं की नाही?

सेल नसता तर पूर्ण किमतीला घेतलं असतं का? नाही? मग राहू दे.

महाग पण टिकाऊ घ्यावं की स्वस्त घेऊन बदलत राहावं?

किमतीला किती वेळा घालणार त्याने भागा. रोजची काळी पॅन्ट, रोजची चप्पल, ब्रा, ऑफिसची बॅग, थंडी असते तिथे कोट, यावर जास्त गेले तरी चालतील कारण भागाकार छोटाच येतो. एका ट्रेंडसाठी, एका फोटोसाठी घ्यायचं ते स्वस्तातलं किंवा मैत्रिणीचं. आपण नेमकं उलटं करतो, एकदा घालायच्या ड्रेसवर हात सोडतो आणि वर्षभर पाठीला टोचणाऱ्या ब्रावर काटकसर.

कॅप्सूल वॉर्डरोब म्हणजे काय, करावं का?

थोडेच कपडे, पण सगळे एकमेकांत चालणारे, ही कल्पना. 1970 च्या दशकात लंडनमध्ये सुझी फॉ नावाच्या दुकानदार बाईंनी ती रुजवली, मग 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डॉना कॅरन यांनी एकमेकांवर चालणाऱ्या सात कपड्यांचं कलेक्शन काढलं आणि ती जगभर गेली.

कल्पना चांगली आहे, पण तिचे जे आकडे फिरतात ना, इतकेच कपडे ठेवा तितकेच ठेवा, ते मला पटत नाही. रोज घाम येणाऱ्या हवेत राहणाऱ्या बाईला जास्त जोड लागतात, मशीन नसलेल्या बाईला वेगळे, लहान मूल कडेवर असलेलीला तर दिवसाला दोन. आणि सगळं बेज नि राखाडी करा असंही कोणी सांगितलेलं नाही. दोन-तीन शांत रंग खालच्या कपड्यांना आणि बॅग-चपलांना ठेवा, वर हवे ते रंग खेळा, पण नवीन आलेला प्रत्येक कपडा घरातल्या निदान तीन गोष्टींवर गेला पाहिजे. एवढा एक नियम पाळला तरी पुरे. आणि त्यासाठी आहेत ते कपडे टाकून नवीन "कॅप्सूल" विकत घेणार असाल तर मग हसू येतं मला.

मला कुठला रंग शोभतो?

दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, चेहरा धुतलेला असताना कापड हनुवटीखाली धरा. बघायचा तो चेहरा, कापड नाही. डोळ्याखालची वर्तुळं गडद दिसली, चेहरा ओढल्यासारखा दिसला तर तो रंग चेहऱ्यापासून लांब न्यायचा, म्हणजे पॅन्टला, स्कर्टला. दुकानातल्या पिवळ्या-पांढऱ्या लाइटवर विश्वास नको, दोन कापडं तिथे जुळलेली दिसतात आणि उन्हात आली की एक हिरवट, एक तपकिरी.

आणि "सावळ्या रंगाला हे चालत नाही" वगैरे कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. सावळ्या कांतीवर गर्द पिवळा, राणी, मोरपंखी जसा खुलतो तसा फार थोड्यांवर खुलतो.

मी जाड आहे, आडव्या पट्ट्या घातल्या तर अजून जाड दिसेन ना?

हे इतकं पक्कं बसलंय डोक्यात की कोणी तपासत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच नि अरुंद दिसतो. मग यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिदू यांनी हेच बायकांच्या आकृत्यांवर करून बघितलं, 2011 मध्ये छापून आलं, आणि आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसत नाही असंच निघालं. तर घाला बिनधास्त.

खरं सांगायचं तर रुंद दिसण्यात पट्ट्यांपेक्षा कपडा कुठे संपतो याचा हात मोठा. टॉपचा तळ किंवा बाहीची कड जिथे येते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते, मग ती जागा तुम्हाला दाखवायची आहे का ते ठरवा. दंड झाकायचे असतील तर बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर संपू देऊ नका, दोन बोटं खाली घ्या. झाकायचेच नसतील तर बिनबाहीचं घाला, दंडांनी कोणाचं काही वाकडं केलेलं नाही.

वजन कमी झालं की मग चांगले कपडे घेईन असं ठरवलंय. बरोबर ना?

नाही. तोपर्यंतचे महिने काय अंगाला गोणपाट गुंडाळून काढणार? आज जे अंग आहे ते रोज कामाला जातं, जिने चढतं, सगळ्यांचं करतं, त्याला बसेल असं थोडं तरी पाहिजे. दोन पॅन्ट, तीन-चार वरचे, बास. बदलत्या अंगासाठी नेफ्यात इलॅस्टिक किंवा नाडी असलेलं, पुढून ओढून बांधायचं असलेलं, मायेला जागा असलेलं घ्या म्हणजे पुढे-मागे झालं तरी चालेल. बाळंतपणानंतर, पाळी बंद व्हायच्या वयात, थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना अंग बदलतंच, आणि ते वर्षभर बदलत राहू शकतं. जुने घट्ट कपडे आवडते असतील तर पेटीत ठेवा, डोळ्यासमोर टांगू नका, सकाळी सकाळी स्वतःच्या कपाटाने टोमणा मारायची गरज नसते.

ब्राबद्दल विचारायला लाज वाटते पण...

लाज कसली, वरचा सगळा कपडा त्यावरच उभा आहे. आधार मुख्यतः पाठीवरच्या पट्ट्याचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांचा नाही. खांद्यात वळ उठत असतील तर बहुतेक वेळा पाठीचा पट्टा सैल आहे नि सगळा भार खांद्यांवर आलाय. पट्टा मागे वर चढत असेल तर तो सैल. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकवर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक ढिलं पडत जाईल तसे आतले हुक लावायचे असतात. पट्ट्याचा नंबर एक पायरी खाली घेतला तर कपचं अक्षर एक वर घ्यायचं, म्हणजे 34बी ची वाटी साधारण 32सी इतकीच असते, हे कळलं की दुकानात अर्धा गोंधळ मिटतो.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा उठून दिसते. आपल्या कातडीच्या रंगाजवळची घ्या.

चपला-बूट?

संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत घालून चालून बघा, एक पाय बहुतेक किंचित मोठा असतो, त्याच्या मापाचं घ्यायचं. "वापरून सैल होईल" हे लांबीला लागू होत नाही. उंच टाचेत सगळा भार पुढच्या पंजावर येतो, तेव्हा रोजच्याला नको. आणि कितीही साधे कपडे असोत, चप्पल स्वच्छ नि टाच न झिजलेली असेल तर पूर्ण बाई व्यवस्थित दिसते, यावर पैसे नाही, फक्त ओला फडका लागतो.

दुसऱ्याचे वापरलेले कपडे घालणं कमीपणाचं वाटतं...

मला नाही वाटत. वापरलेल्या कपड्याचं एक फार चांगलं असतं, जे आटायचं नि रंग जायचं ते जाऊन झालेलं असतं, म्हणजे आता बिघडणार नाही. घेताना काख, कॉलरची आतली बाजू, मांड्यांच्या मधला भाग आणि चेन बघा, बाकी सगळं सुधारता येतं. घरी आणून धुवा, मग घाला. मैत्रिणींनी एकत्र बसून अदलाबदल करणं तर त्याहून छान, एकीला कंटाळा आलेला ड्रेस दुसरीला नवा.

नवीन कपडे दोन महिन्यांत जुने दिसतात. मी काय चुकवतेय?

जास्त धुताय, आणि जास्त गरम पाण्यात. अंगाला घासणारे, घामाचे कपडे प्रत्येक वेळी धुवायचेच, पण जीन्स, जाकीट, दोन तास घातलेला शर्ट हे वाऱ्यावर टांगून परत घालता येतं. गडद रंग उलटे करून धुवा आणि उलटेच, सावलीत वाळवा, ऊन रंग खातं. चेन नि हुक लावून मशीनमध्ये टाका नाहीतर ते बाकीच्यांना ओरबाडतात. टीशर्ट-स्वेटर ओले असताना खांद्यावर टांगू नका, लांबतात.

लेबलवरची चित्रं दोन मिनिटांत पाठ होतात. पाण्याचं टब म्हणजे धुणं, खाली एक रेघ असेल तर मशीन हलक्या फेरीवर, दोन असतील तर अजून हलक्या, टबात हात असेल तर हाताने. त्रिकोण ब्लीचचा. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर. चौकोनाच्या कोपऱ्यात तिरप्या दोन रेघा म्हणजे सावलीत वाळवा. इस्त्रीतल्या ठिपक्यांत एक कमी गरम, तीन कडक. नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन. आणि कशावरही फुली म्हणजे ते करायचं नाही. ड्रायक्लीनच लागणारं रोजच्या वापराला घेऊच नका, किमतीत तो खर्च धरलेला नसतो.

रक्ताचा डाग पडला तर थंड पाणी, कधीही गरम नाही, गरमने तो पक्का बसतो. काखेतले पिवळे डाग घाम नि घामरोधकातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे येतात, त्यावर क्लोरीनचं ब्लीच घातलं तर ते अजून पिवळे होऊ शकतात.

कपड्यावर गोळे येतात ते?

तोकडे धागे घासून बाहेर येतात नि गुंततात. मिश्र कापडात पॉलिस्टरचा मजबूत धागा ते गोळे धरून ठेवतो म्हणून तिथे जास्त. गोळे काढायचं छोटं मशीन मिळतं, नाहीतर कापड सपाट ताणून रेझर अगदी हलका फिरवा. आधी आतल्या बाजूला करून बघा.

तोच ड्रेस परत घातला तर लोकांच्या लक्षात येतं ना?

जेवढं वाटतं तेवढं मुळीच नाही. 2000 साली थॉमस गिलोविच नि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी शर्टावर कोण आहे ते टिपलं असेल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. तेही असा भडक शर्ट होता म्हणून! तुमचा निळा कुर्ता मंगळवारी होता की बुधवारी, कोणाला पडलंय. जिला तिला आपल्याच पोटाची काळजी.

चांगले कपडे घातले की खरंच आत्मविश्वास वाढतो, की हे विकणाऱ्यांचं बोलणं?

थोडं हे, थोडं ते. 2012 मध्ये हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांचा अभ्यास खूप गाजला. पांढरा डगला "डॉक्टरचा" म्हणून घातलेल्यांचं लक्ष, तोच डगला "रंगाऱ्याचा" म्हणून घातलेल्यांपेक्षा जास्त नीट लागलं असं त्यात होतं. पण 2019 मध्ये दुसऱ्यांनी त्यातला एक प्रयोग परत केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा ब्लेझर चढवला की आपोआप धीट झालो, असं कोणी सांगत असेल तर जपून.

मला जास्त पटतो तो 1998 चा, बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. एकट्याच खोलीत, आरशासमोर स्विमसूट घालून बघितलेल्या मुलींनी गणिताची परीक्षा दिली, तर त्यांना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी मार्क पडले. मुलग्यांमध्ये तो फरक नव्हता. म्हणजे डोक्याचा एक भाग आपण कशा दिसतोय यावर पहारा देण्यातच अडकतो. स्विमसूट सोडा, सारखा खाली सरकणारा गळा, वर चढणारा टॉप, मांडीला कापणारी जीन्स, सगळ्यांचं तेच. म्हणून मी म्हणते, आत्मविश्वास विकत आणायच्या आधी लक्ष वेधणारे हे उपद्रव काढून टाका. उरलेलं लक्ष बोलण्याकडे, कामाकडे जातं, आणि लोक त्यालाच आत्मविश्वास म्हणतात.

इंटरव्ह्यू आहे, काय घालू?

नवीन काही नको. आदल्या दिवशी पूर्ण घालून, चपलांसकट, खुर्चीवर बसा, खाली वाका, दोन्ही हात वर करा, जिना चढा, उजेडाकडे पाठ करून फोटो काढा. यात कुठे हात लावायला लागला तर तो कपडा बाद. मग तोच सेट इस्त्री करून टांगून ठेवा. तिथे लोक साधारण कसे येतात ते माहीत असेल तर त्याहून एक पायरी वर.

"या वयात हे शोभत नाही" म्हणतात घरी.

कोण म्हणतं ते बघा, आणि ते स्वतः काय घालतात तेही. आईला किंवा सासूबाईंना खरंच खटकत असेल तर भांडायला जाऊ नका, त्यांनाच घेऊन जा दुकानात नि त्यांच्यासाठी एक रंगीत काहीतरी घ्या, बरेचदा राग त्यांना स्वतःला कधी घालता आलं नाही याचा असतो. नवरा म्हणत असेल तर त्याला कपड्यांना इस्त्री करायला लावा. वयाप्रमाणे बदलावं लागतं ते चापूनचोपून बसण्याच्या बाबतीत, खांदे पुढे येतात, कंबर हलते, म्हणून फिटिंग परत बघायचं. रंगाला नि हौसेला वय नाही.

दागिने, स्कार्फ, घड्याळ वगैरे?

रोज एकच काहीतरी, ठळक, आणि तेच तुमची ओळख होऊ द्या. कीबोर्डवर खडखडणारं, केसात अडकणारं नको.

शिवणाचं घरच्या घरी कितपत यायला हवं?

बटण लावणं, हुक लावणं, उसवलेली शिवण धावदोऱ्याने धरणं आणि तळाची पट्टी हाताने दुमडून घालणं. एवढ्यात वर्षाचे निम्मे "टाकून देऊ" वाचतात. बटण लावताना सगळ्या जणी ते कापडाला घट्ट चिकटवून शिवतात, म्हणून काजात घालताना ताणतं नि परत तुटतं. बटणाच्या वर एक काडी किंवा जाड सुई आडवी धरा, तिच्यावरनं टाके घ्या, मग काडी काढा, बटण थोडं उचललं जाईल. त्या मोकळ्या दोऱ्याभोवती बटणाखाली तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा आणि सुई मागे नेऊन गाठ मारा. रेडिमेड शर्टाच्या आतल्या कडेला जादा बटण शिवलेलं असतं, ते आधी बघा, नाहीतर उगाच सहाच्या सहा बदलत बसाल.